राखेचे काँक्रीट आणि पाण्याचे चौदा दिवस

घराचे काम काढलेला माणूस सिमेंटच्या दुकानात गेला की आज बहुतेक वेळा त्याच्या हाती 'पीपीसी'चे पोते पडते. पोर्टलँड पोझोलाना सिमेंट हे त्याचे पूर्ण नाव. या पोत्यातला बराच भाग सिमेंटच्या भट्टीतून आलेलाच नसतो. औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो, धूर धुराड्याकडे निघतो आणि वाटेत विद्युतभारित पत्रे त्यातली बारीक राख पकडतात. तीच ही फ्लाय अॅश. भारतीय मानक 1489 नुसार पीपीसीमध्ये ती 15 ते 35 टक्के असू शकते, म्हणजे 50 किलोच्या पोत्यात साडेसात ते साडेसतरा किलो. कारखान्यातल्या टाकाऊ पदार्थाचे काँक्रीट म्हटले की प्रयोगशाळेतले काहीतरी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ते लाखो घरांच्या स्लॅबमध्ये आणि कॉलममध्ये केव्हाच जाऊन बसले आहे.

सिमेंट बदलले, पण पाणी मारायची सवय तीच राहिली. 'स्लॅबला सात दिवस पाणी मारा' हा साइटवरचा ठरलेला हिशेब साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काळातला आहे. काँक्रीटच्या कामाचा आपल्याकडचा मूळ नियमग्रंथ म्हणजे भारतीय मानक 456. त्याच्या 2000 सालच्या आवृत्तीत याबद्दल स्पष्ट लिहिले आहे. साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान 7 दिवस सतत ओले ठेवायचे. राख किंवा धातुमळी मिसळलेले सिमेंट असेल तर किमान 10 दिवस, आणि ही मुदत 14 दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारस. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर कोणत्याही सिमेंटला 10 दिवसांपेक्षा कमी चालत नाही. सात आणि चौदा यांतल्या या फरकामागे चांगले भक्कम रसायनशास्त्र आहे.

टाकाऊ म्हणून आलेले पाहुणे

काँक्रीटमध्ये शिरलेल्या औद्योगिक टाकाऊ पदार्थांत राखेचा मान पहिला. भारतातल्या कोळशात राखेचे प्रमाण मुळातच मोठे, त्यामुळे देशात दरवर्षी 20 कोटी टनांहून अधिक राख तयार होते. महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ, पारस, एकलहरे ही तिची मोठी उगमस्थाने. वापरली न गेलेली राख पाण्याबरोबर तळ्यांत सोडली जाते आणि ती तळी आसपासच्या गावांच्या उशाशी कायमची राहतात. जुलै 2022 च्या पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नाल्यांत शिरले. केंद्र सरकारने 1999 पासून अधिसूचना काढून राखेचा वापर वीज केंद्रांवर बंधनकारक केला, तो याच ओझ्यामुळे.

दुसरा पदार्थ लोखंडाच्या झोतभट्टीतला. वितळलेल्या लोखंडावर तरंगणारी धातुमळी, म्हणजे स्लॅग, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली झटकन थंड केली की तिचे काचेसारखे दाणे होतात. ते दळले की जीजीबीएस ही पांढुरकी भुकटी मिळते. असे झटकन थंड केलेले दाणे चुन्याच्या सोबतीने सिमेंटसारखे घट्ट होतात, हे जर्मनीत एमिल लांगेन यांनी 1862 साली दाखवले होते. स्लॅग सिमेंटमध्ये तिचे प्रमाण 25 ते 70 टक्के असू शकते. तिसरी सिलिका फ्यूम, फेरोसिलिकॉनच्या भट्टीतून निघणारी, सिमेंटच्या कणापेक्षा शंभरपट बारीक धूळ. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत चिपाड जाळून उरणारी राख आणि पूर्व विदर्भातल्या गिरण्यांमधल्या भाताच्या तुसाची राख यांवरही बरेच संशोधन झाले आहे. नीट तापमानाला जाळून बारीक दळली, तर याही राखा काँक्रीटमध्ये काम देतात.

या सगळ्यांमागची मोठी निकड हवामानाची आहे. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 7 ते 8 टक्के सिमेंट उद्योगातून जातो. चुनखडी भाजताना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टीचे इंधन जळते ते वेगळेच. सिमेंटचा जितका भाग राखेने किंवा स्लॅगने भरून निघेल, तितका हा भार कमी होतो.

पाण्यात चालणारे दोन टप्पे

काँक्रीट 'वाळून' घट्ट होते असा समज सर्रास आढळतो. ते वाळून घट्ट होत नाही. सिमेंटमधली कॅल्शियम सिलिकेटे पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा जेल तयार होतो. खडी आणि वाळू धरून ठेवणारा खरा गोंद तोच. याच क्रियेत आणखी एक पदार्थ बाहेर पडतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाला लावतात तो चुना. हा चुना काँक्रीटला अल्कधर्मी ठेवतो आणि त्यामुळे सळईला गंज चढत नाही, पण ताकदीत त्याचा वाटा नगण्य.

राखेचे काम या चुन्यापासून सुरू होते. राखेचे कण म्हणजे बहुतांशी सिलिका आणि अॅल्युमिनाच्या काचेचे गोल मणी. काँक्रीटमधल्या पाण्यात विरघळलेला चुना या काचेवर हळूहळू चढतो, तिला कोरतो आणि दोघांच्या संयोगातून पुन्हा तोच गोंद तयार होतो. पहिल्या टप्प्यात निरुपयोगी ठरलेला चुना दुसऱ्या टप्प्यात ताकद बनतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा बदल थेट दिसतो. आठवड्याच्या काँक्रीटच्या तुकड्यात राखेचे मणी बरेचसे गुळगुळीत, नुसते खोचून ठेवल्यासारखे दिसतात. मधली पोकळी तशीच असते. तीन महिने ओल मिळालेल्या तुकड्यात त्यांचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा झालेला असतो, भोवती जेलचा दाट थर असतो आणि मधल्या पोकळ्या बुजत आलेल्या असतात.

या दुसऱ्या टप्प्याला दोन गोष्टी लागतात, वेळ आणि ओल. चांगले लोणचे मुरायला जसे आठवडे जातात तशी ही क्रिया मुरत जाते. घाई केली तर ती अर्धवट राहते. टी. सी. पॉवर्स या संशोधकाने अमेरिकेच्या पोर्टलँड सिमेंट असोसिएशनमध्ये 1940 च्या दशकात दाखवून दिले, की काँक्रीटच्या आतल्या छिद्रांमधली आर्द्रता 80 टक्क्यांच्या खाली उतरली की सिमेंटचा जलसंयोग जवळजवळ थांबतो. साध्या सिमेंटचे काँक्रीट सातव्या दिवशी सुकू दिले तर त्याचे बरेचसे काम तोवर उरकलेले असते. राखेच्या काँक्रीटमध्ये त्या दिवशी दुसरा टप्पा नुकता कुठे सुरू होत असतो. नेमके तेव्हाच पाणी तोडले, तर राख नुसती भर म्हणून आत पडून राहते.

मानकांतले आकडेही हेच सांगतात. 43 ग्रेडच्या साध्या सिमेंटने 3 दिवसांत किमान 23, 7 दिवसांत 33 आणि 28 दिवसांत 43 मेगापास्कल दाब सहन केला पाहिजे. पीपीसीसाठी हेच आकडे 16, 22 आणि 33 आहेत. बाजारातले चांगले पीपीसी याहून बरेच सरस निघते, पण सुरुवात संथ, हा त्याचा स्वभाव कायम राहतो. उलट तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी मोजले, तर नीट भिजवलेले राखेचे काँक्रीट साध्या काँक्रीटच्या बरोबरीला येते आणि पुष्कळदा पुढेही जाते.

टाकीतला क्यूब आणि साइटवरचा कॉलम

काँक्रीटची ताकद मोजायची आपली पद्धत अशी. 150 मिलिमीटर बाजूच्या लोखंडी साच्यात काँक्रीट तीन थरांत भरायचे. 16 मिलिमीटर जाडीच्या सळईने प्रत्येक थर किमान 35 वेळा ठासायचा. चोवीस तासांनी साचा खोलून क्यूब स्वच्छ पाण्याच्या टाकीत बुडवायचा. पाण्याचे तापमान 27 अंश सेल्सिअस, दोन अंश इकडे-तिकडे. अठ्ठावीस दिवसांनी तीन क्यूब दाबयंत्रात घालून फोडायचे आणि सरासरी काढायची. एम 25 दर्जाचा क्यूब फुटायला साधारण 57 टन भार लागतो.

या चाचणीत क्यूब अठ्ठावीस दिवस पूर्ण बुडालेला असतो. त्याच काँक्रीटने भरलेला कॉलम मात्र बाहेर उन्हात उभा असतो. साचे निघाल्यावर त्याच्यावर सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी उडवले जाते, ते अर्ध्या तासात वाळते आणि उरलेला दिवस पृष्ठभाग कोरडा राहतो. अहवालावर क्यूबचा आकडा येतो. इमारत मात्र कॉलमवर उभी राहते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्येही या दोन्हींत फरक पडतो. अमेरिकी पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापला जाणारा एक आलेख आहे. त्यात सतत ओले ठेवलेले आणि पहिल्या दिवसापासून नुसते हवेत ठेवलेले काँक्रीट सहा महिन्यांपर्यंत ताडून पाहिले आहे. हवेतल्या काँक्रीटची ताकद ओल्याच्या निम्म्याच्या आसपासच थांबते. राखेचे किंवा स्लॅगचे प्रमाण जितके जास्त, तितकी ही तूट वाढत जाते, असे वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा आढळले आहे.

तूट सगळीकडे सारखी पडत नाही. कॉलमच्या गाभ्यात ओल टिकून राहते आणि तिथले काम चालू असते. खरे नुकसान बाहेरच्या तीन ते पाच सेंटिमीटरच्या थराचे होते, आणि सळईचे संरक्षण करणारे कव्हर म्हणजे नेमका हाच थर. राखेने काँक्रीटमधला बराच चुना वापरून टाकलेला असतो, त्यामुळे अल्कधर्मी साठा मुळात कमी असतो. त्यात पाण्याअभावी छिद्रे उघडी राहिली, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत जातो आणि सळईपर्यंत पोचला की गंज सुरू होतो. किनाऱ्यावर खाऱ्या हवेतले क्लोराइड हेच काम आणखी वेगाने करते. मुंबई-कोकणात स्लॅगचे काँक्रीट निवडतात ते क्लोराइड अडवण्यासाठी. पण हा गुण येतो तो बुजलेल्या छिद्रांतून, आणि ती छिद्रे बुजवायला पाणी लागते.

पाणी देण्याच्या पद्धती

सपाट स्लॅबसाठी मातीची किंवा मसाल्याची आळी करून पाणी साठवणे ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत खात्रीची. पाणी हलत नाही, पृष्ठभाग उघडा पडत नाही आणि रात्रीही काम चालू राहते. कॉलम आणि भिंतींना आळी करता येत नाही. तिथे गोणपाट गुंडाळून ते सतत ओले ठेवावे लागते, आणि त्यावर प्लॅस्टिक बांधले तर ओल कितीतरी जास्त टिकते. नुसता पाइपचा फवारा सर्वांत दुबळा. एकदा भिजणे आणि एकदा वाळणे या चक्रात पृष्ठभागावर बारीक भेगाही पडतात.

पाणी टंचाईच्या गावी कसे करायचे, हा मराठवाड्यातला खरा प्रश्न आहे. मिश्रणात घातलेले पाणीच उडू न देणे हा त्यावरचा मार्ग. साचे थोडे जास्त दिवस ठेवले, प्लॅस्टिक कागद घट्ट बांधला किंवा मेणयुक्त क्युरिंग कंपाउंडचा थर फवारला, तर बाहेरून पाणी न घालताही ओल राखता येते. काँक्रीटच्या रस्त्यांवर पांढरे कंपाउंड याचसाठी मारतात. पांढऱ्या रंगामुळे ऊनही परतते. मात्र ज्या काँक्रीटमध्ये राख जास्त आणि पाणी अगदी बेताचे असते, तिथे बाहेरून मिळणाऱ्या पाण्याला कंपाउंडची पूर्ण बरोबरी साधत नाही. समुद्राचे पाणी मात्र टंचाईतही वापरू नये. सळईच्या काँक्रीटला ते मिसळणे आणि मारणे, दोन्हींबाबत मानकाचा इशारा आहे.

सिलिका फ्यूमचे काँक्रीट याहून नाजूक. ही धूळ इतकी बारीक असते की मिश्रणातले पाणी धरून ठेवते आणि ओतलेल्या काँक्रीटवर नेहमी येतो तसा पाण्याचा पातळ थर येतच नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारचा पारा 45 अंशांवर जातो आणि त्यात कोरडा वारा असतो. अशा वेळी पृष्ठभाग घट्ट होण्याआधीच फाटायला लागतो. म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत केला की लगेच धुक्यासारखा बारीक फवारा किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन सुरू करावे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मारायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. जिथे पाणी बाहेरून आत पोचतच नाही अशा दाट काँक्रीटसाठी अभियंत्यांनी आतूनच पाणी द्यायची सोय केली आहे. पाण्याने भिजवून भरलेली सच्छिद्र हलकी खडी मिश्रणात घालतात आणि ती आतून ओल सोडत राहते. ही खडी राख भाजूनही बनवता येते.

वाफ, उष्णता आणि तिच्या मर्यादा

कारखान्यात साचा दुसऱ्या दिवशी मोकळा व्हावा लागतो. तिथे चौदा दिवस थांबायला कुणाला सवड नसते. म्हणून रेल्वेचे स्लीपर, पुलांचे गर्डर अशा तयार भागांना वाफ देतात. ओतल्यावर काही तास थांबून तापमान हळूहळू चढवायचे, साधारण 60 ते 70 अंशांवर काही तास ठेवायचे आणि पुन्हा हळूहळू उतरवायचे.

साध्या सिमेंटला या घाईची किंमत मोजावी लागते. उष्णतेत तयार झालेला जेल सिमेंटच्या कणाभोवतीच दाटीने जमतो, दूरच्या पोकळ्या मोकळ्या राहतात आणि महिन्यानंतरची ताकद थंड पाण्यात वाढलेल्या काँक्रीटपेक्षा कमी भरते. राख आणि स्लॅग यांच्या बाबतीत चित्र पालटते. त्यांची रासायनिक क्रिया मुळातच सुस्त, आणि उष्णतेने तिचा वेग साध्या सिमेंटपेक्षा जास्त वाढतो. त्यामुळे वाफेने त्यांच्या सुरुवातीच्या कमकुवतपणाची बरीच भरपाई होते आणि पुढच्या ताकदीतली घट कमी राहते. थंडीत याच्या उलट घडते. डिसेंबर-जानेवारीत नाशिक किंवा निफाडकडे रात्रीचे तापमान झपाट्याने उतरते तेव्हा स्लॅगचे काँक्रीट रेंगाळते, म्हणून साचे काढायची घाई तिथे जास्त धोक्याची.

वाफेचे तापमान 70 अंशांपलीकडे गेले की आणखी एक संकट संभवते. सिमेंटमधले एट्रिंगाइट नावाचे खनिज त्या उष्णतेत मोडते, त्यातले सल्फेट आत अडकून राहते आणि पुढे कधीतरी ओल मिळाली की हेच खनिज घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये पुन्हा वाढू लागते. वाढण्याला जागा नसल्यामुळे काँक्रीट आतून फुटते. युरोपात 1980 च्या दशकात रेल्वेच्या काही स्लीपरना अशाच भेगा पडल्या. पुरेशी राख किंवा स्लॅग असेल तर हा धोका कमी होतो, हे नंतरच्या संशोधनातून पुढे आले.

उष्णतेचा पुढचा टप्पा म्हणजे दाबाखालची वाफ. शहरांतल्या नव्या इमारतींच्या भिंतींत दिसणारे हलके एएसी ब्लॉक राख, चुना, सिमेंट आणि थोडी अॅल्युमिनियम पावडर यांचे असतात. बंद पोलादी टाकीत ते सुमारे 180 अंशांच्या वाफेत काही तास राहतात आणि तिथेच त्यांची ताकद पूर्ण होते. म्हणून बांधकामावर आलेल्या या ब्लॉकना आठवडाभर पाणी मारत बसावे लागत नाही.

जिथे पाणीच नको

राखेचा आणखी एक वापर असा आहे की त्यात सिमेंट जवळजवळ लागतच नाही. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट यांच्या द्रावणाने राख चेतवली की जिओपॉलिमर काँक्रीट तयार होते. हे नाव 1970 च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ दाविदोविट्स यांनी रूढ केले. ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठात यावर मोठे काम झाले. कमी कॅल्शियमची राख वापरून केलेले काँक्रीट 60 अंशांच्या आसपास चोवीस तास तापवले की ताकद जवळजवळ पूर्ण येते आणि पुढे वयानुसार फारशी बदलत नाही. इथे पाण्यात बुडवणे उलट अपायकारक, कारण सुरुवातीच्या दिवसांत अल्क धुऊन जाते. तापवताना ओल उडू नये एवढीच काळजी घ्यायची. राखेबरोबर स्लॅग घातली तर साध्या हवेतही ते घट्ट होते. क्वीन्सलँडमधल्या टूवुंबा शहराजवळचा वेलकॅम्प विमानतळ 2014 साली सुरू झाला, त्यात राख आणि स्लॅगचे असे सुमारे 40 हजार घनमीटर काँक्रीट आहे.

पोलाद कारखान्यातल्या मळीतून ठोकळे करायची एक रीत कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून निघाली. या मळीतली काही कॅल्शियम सिलिकेटे पाण्याशी बोलतही नाहीत, पण कार्बन डायऑक्साइडशी मात्र झटपट संयोग पावतात आणि त्यांचे चुनखडीत रूपांतर होते. म्हणून ठोकळे पाण्याऐवजी बंद कक्षात कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात. सळईच्या कामाला ही रीत सहसा वापरत नाहीत, कारण अशा काँक्रीटची अल्कधर्मिता कमी होते आणि सळई उघडी पडते. विटा आणि ठोकळ्यांना ती अडचण येत नाही.

धरणांनी दाखवलेला धीर

राखेवर सर्वांत आधी विश्वास टाकला तो धरण बांधणाऱ्यांनी. कारण सरळ आहे. मोठ्या धरणात सिमेंटच्या जलसंयोगाची उष्णता आत कोंडते आणि भेगा पडतात. राख ही उष्णता कमी करते. शिवाय धरण पाण्याने भरायला वर्षे लागतात, त्यामुळे ताकद 28 दिवसांतच हवी अशी सक्ती नसते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात 1948 ते 1953 या काळात हंग्री हॉर्स धरणात लाखभर टनांहून अधिक राख घातली गेली. भारतात उत्तर प्रदेशातल्या रिहंद धरणात सिमेंटचा काही भाग राखेने भरला. महाराष्ट्रात घाटघर उदंचन प्रकल्पाची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची, देशातली या प्रकारची पहिली, आणि त्यांत राखेचे वजन सिमेंटपेक्षा जास्त आहे.

धीराचे याहून ठळक उदाहरण हवाई बेटांवरच्या कावाई इथले आहे. तिथे इराइवन नावाचे दगडी हिंदू मंदिर हजार वर्षे टिकावे म्हणून उभारायला घेतले. बर्कलीतले भारतीय वंशाचे काँक्रीटतज्ज्ञ पी. कुमार मेहता यांनी 1999 साली त्याच्या पायासाठी सळईविना काँक्रीट सुचवले. त्यात निम्म्याहून अधिक वाटा राखेचा होता, आणि ताकदीची अट 28 दिवसांवर न धरता 90 दिवसांवर धरली होती. मेहतांच्या आणि कॅनडातल्या व्ही. एम. मल्होत्रा यांच्या कामामुळे जगाला पटले, की राख मोठ्या प्रमाणातही चालते. फक्त पाण्याचा बेत, ओल आणि वाट पाहण्याची मुदत यांत हात आखडता घ्यायचा नाही.

घर बांधणाऱ्याने काय पाहावे

या सगळ्यातून निघणारी सूत्रे साधी आहेत, पण पाळायला निर्धार लागतो. पहिले म्हणजे पोते वाचावे. त्यावर पीपीसी किंवा पीएससी, म्हणजे स्लॅग सिमेंट, असेल, किंवा काँक्रीट तयार मिक्सरमधून येत असेल आणि पावतीवर फ्लाय अॅश अथवा जीजीबीएस दिसत असेल, तर पाण्याचे दिवस चौदा धरावेत आणि ठेकेदाराच्या दरात ते आधीच लिहून घ्यावेत. पाणी मारणाऱ्या माणसाची चौदा दिवसांची मजुरी एका स्लॅबच्या खर्चात अगदी किरकोळ असते.

दुसरे, राख कुठली ते विचारावे. सिमेंटमध्ये घालायला चालते ती वीज केंद्रात कोरडी गोळा केलेली, मानक 3812 ची बारीक राख. तळ्यातली ओली, जाड राख तशीच उचलून मिश्रणात घालणे घातक. तिचा बराच भाग चुन्याशी काहीच करत नाही, आणि तिथे कितीही पाणी मारले तरी ताकद येत नाही.

तिसरे, सेंट्रिंग काढण्याची घाई नको. मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवसांनी, त्याहून मोठ्या स्लॅबचे 14 दिवसांनी, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे 14 दिवसांनी आणि त्याहून मोठ्या बीमचे 21 दिवसांनी काढायला सांगितले आहे. पण या मुदती साध्या सिमेंटसाठी आणि 15 अंशांखाली न उतरणाऱ्या हवेसाठी आहेत. राखेच्या काँक्रीटला अभियंत्याने त्या वाढवून द्यायला हव्यात.

चौथे, मोठ्या कामावर टाकीतल्या क्यूबबरोबर दोन-तीन क्यूब साइटवर, कॉलमशेजारी, कॉलमला मिळते तेवढ्याच पाण्यावर ठेवावेत आणि त्याच दिवशी फोडावेत. दोन आकड्यांतले अंतर पाहिले की पाणी किती पुरे पडले हे कुणालाही कळते. शक्य असेल तिथे 28 बरोबर 56 किंवा 90 दिवसांचेही क्यूब फोडावेत. राखेची खरी कमाई तिथे दिसते.

काँक्रीटमधला सगळा माल पोत्यातून आणि ट्रकमधून विकत मिळतो. पहिल्या पंधरवड्यातली ओल मात्र नंतर किंमत मोजूनही आणता येत नाही. महिनाभर कोरड्या राहिलेल्या कॉलमवर पुन्हा पाणी मारून तेवढी ताकद परत मिळत नाही. म्हणून पीपीसीचे किंवा स्लॅगचे काँक्रीट ओतायचे ठरले की कामाच्या वहीत ओतण्याच्या तारखेपुढे चौदा दिवसांनंतरची तारीख आधीच लिहून ठेवावी आणि त्या दिवसाआधी गोणपाट उतरू देऊ नये.